मदत हवी आहे: चालू ट्रेडल (खिळे जुळवून छापायचं जुनं यंत्र) आणि दोऱ्याची शिलाई करणारा बायंडर

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत आमची छोटी आर्ट गॅलरी आहे, प्रदर्शनांचे कॅटलॉग काढता काढता आता त्यातनंच प्रकाशन सुरू करायचं चाललंय, म्हणजे चित्रकार आणि कवी मिळून केलेली पुस्तकं, १०० प्रती, बास. १९६९ ते १९७३ बडोद्यात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर हे चित्रकार 'वृश्चिक' नावाचं नियतकालिक काढायचे, चित्रकारांनीच चालवलेलं, तसं काहीतरी इथं व्हावं असं फार वाटतं.

अडचण अशी की ऑफसेटला एवढ्या कमी प्रती परवडत नाहीत आणि डिजिटलला जाड कागदावर घडीपाशी टोनर (छपाईची पूड) तडकतो, काळ्या पानावर पांढरी रेघ लगेच दिसते. म्हणून लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरलेली चित्रं, थेट ट्रेडलवर छापायचेत, खाली लाकूड लावून ब्लॉक टाइपाच्या (खिळ्यांच्या) उंचीला आम्ही आणू. कोल्हापूर-इचलकरंजीत कुणाकडं चालू ट्रेडल आहे का? पत्रिका, बिलबुकं छापणारे असले तरी चालतील, फक्त शाई लावताना आम्हाला शेजारी उभं राहू द्यावं. जुने बायंडर पण सुचवा, दोऱ्याची शिलाईच पाहिजे, पिन पावसाळ्यात गंजते.

आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो हे माहितीय, पण अर्ज गॅलरीच्या नावानं चालतो का? कुणी केला असेल तर सांगा की.