जर्मन कस्टमर फ्युचरबद्दल एवढं निगेटिव्ह का बोलतात, का त्यांचं इंग्लिशच तसं असतं?

कुपवाडचा_प्लॅनिंगवाला:
नमस्कार मंडळी. मी कुपवाड एमआयडीसीत एका मशिन शॉपमध्ये प्लॅनिंग बघतो. आमचा एक जर्मन कस्टमर आहे, त्यांना पंपाचे पार्ट जातात, दर गुरुवारी दुपारी कॉल असतो, दोन्हीकडून इंग्लिशमध्येच. त्यांचा परचेसचा माणूस चांगला आहे, पेमेंट टायमावर, कधी आवाज चढवत नाही. पण पुढच्या वर्षाचा विषय निघाला की गडी एकदम गंभीर होतो. मागच्या कॉलला मी सहज विचारलं, पुढचं वर्ष कसं दिसतंय, तर म्हणाला "आय सी ब्लॅक". आमचे मालक शेजारीच बसलेले, कॉल संपल्या संपल्या विचारायला लागले की नवीन व्हीएमसी मशिनची (पार्ट कापायचं कॉम्प्युटरवरचं मशिन) ऑर्डर थांबवायची का.

त्यात आधीचा एक अनुभव आहे म्हणून जास्त भीती वाटते. गेल्या वर्षी त्यांनी मेलमध्ये लिहिलं होतं की आम्हाला इव्हेंच्युअली आणखी 400 नग लागतील. मी समजलो आज ना उद्या लागणारच, मटेरियल उचललं, 400 नग काढून ठेवले, आणि सहा महिने ते रॅकवर पडून. विचारलं तर म्हणतात आम्ही ऑर्डर कुठं दिलेली. माझा पगार चालू आहे पण मालकांचा पैसा अडकला ते मनाला लागलंय. तर या लोकांच्या बोलण्याचं वजन नेमकं किती धरायचं? खरंच एवढी काळजी आहे का त्यांना?

जर्मनचा_क्लास_सातारा:
दादा, तुमच्या 400 नगांचं उत्तर एका शब्दात आहे. जर्मनमध्ये "इव्हेंटुएल" असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ "कदाचित", "लागले तर". इंग्लिश इव्हेंच्युअलीचा अर्थ "शेवटी होणारच". दिसायला जुळे, अर्थ उलटे. त्यानं जर्मनमध्ये विचार करून इंग्लिश लिहिलं, तुम्ही इंग्लिश इंग्लिशसारखं वाचलं. चूक तुमची नाही, मन लावून घेऊ नका.

"आय सी ब्लॅक" पण तसंच. त्यांच्यात "काळं दिसतंय" असं म्हणायची पद्धत आहे, म्हणजे चांगलं वाटत नाही. आपण नाही का म्हणत, यंदा पावसाचं काही खरं नाही? म्हणून काय कोणी पेरणी थांबवत नाही.

अजून एक, त्यांचं "बिस" आणि आपलं "पर्यंत" सेम आहेत. शुक्रवारपर्यंत पाठवा आणि शुक्रवारपर्यंत थांबा, दोन्हीला एकच शब्द, इंग्लिशमध्ये मात्र बाय वेगळं आणि अंटिल वेगळं. त्यामुळं तो "अंटिल फ्रायडे" म्हणाला की तुम्हाला बरोबर कळत असणार, इंग्रज माणूस मात्र गोंधळेल. उद्या येतो असं आपण वर्तमानकाळात म्हणतो तसं तेही म्हणतात. खरं तर तुम्ही दोघं एकमेकांच्या बरेच जवळ आहात, मधल्या इंग्लिशनं लांब गेलाय.

आणि मला सगळ्यात आवडणारा शब्द म्हणजे "झोर्गे". आपण काळजी करतो आणि काळजी घेतो, शब्द एकच. त्यांच्याकडं पण अगदी तसंच, झोर्गे म्हणजे काळजी, आणि झोर्गेन म्हणजे एखाद्याचं बघणं, सोय करणं. म्हातारपणासाठी पैसे बाजूला टाकणं किंवा दुखणं नसताना तपासणी करून घेणं याला "फोरझोर्गे" म्हणतात, म्हणजे आधीच घेतलेली काळजी. इंग्लिशमध्ये वरी आणि केअर हे दोन वेगळे शब्द पडतात, मग तिकडून येताना नुसती वरीच ऐकू येते.

मिरजेची_सिस्टर:
मी मिरजेत नर्सिंग केलं, आता जर्मनीत वृद्धाश्रमात आहे. पेशंटशी जर्मनच बोलावं लागतं पण सुरुवातीला सहकाऱ्यांशी इंग्लिशवरच चालायचं. वरच्या ताईंचं काळजी करणं आणि घेणं मला रोज दिसतं. इथल्या आजी लोकांकडं फाईल असते, त्यात शेवटी मशिनवर ठेवायचं का नाही ते सुद्धा स्वतः लिहून सही केलेलं. अशा कागदाला 2009 पासून कायद्यानं मान्यता आहे. मला पहिल्यांदा ते वाचून रडू आलं होतं, वाटलं किती एकटे आहेत हे. नंतर एका आजींनी सांगितलं की माझ्या मुलीला तो निर्णय घ्यायला लागू नये म्हणून लिहिलंय गं.

पुराचं पण सांगते. 2021 च्या जुलैत इथं आर नदीच्या खोऱ्यात एका रात्रीत पाणी आलं, त्या खोऱ्यात 130 हून जास्त माणसं गेली, आणि त्याच महिन्यात आपल्याकडं कृष्णा सांगलीत शिरलेली. माझ्या सहकारीणीचं माहेर तिकडचं. मी तिला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी मोजतात ते सांगितलं, 40 फूट इशारा, 45 फूट धोका, जुलै आला की सगळी सांगली फूट मोजत बसते. तिनं विचारलं, मग पुढच्या वेळी तुझे आईबाबा काय करणार? मी म्हणाले "वुई विल सी". आपलं "बघू" हो, त्यात किती धीर असतो. तिचा चेहराच पडला. तिला वाटलं आम्ही काहीच ठरवलेलं नाही. तिच्या आईनं दाराजवळ कागदपत्रं आणि औषधांची बॅग भरून ठेवलीय असं तिनं सांगितलं, आणि मग मी पण घरी फोन करून तशीच बॅग भरायला लावली.

कराडकर_परत_आलेला:
ताईंचं भाषेचं सगळं पटलं, पण सगळं भाषेवर ढकलू नका, मला हे स्पष्ट बोलावंसं वाटतं. मी तिकडं ऑटो लाईनला होतो. 2023 आणि 2024 सलग दोन वर्षं त्यांची अर्थव्यवस्था आकसली. रशियाचा स्वस्त गॅस 2022 ला गेला, त्यावर उभ्या असलेल्या कारखान्यांचा खर्च वाढला, आणि चीनच्या इलेक्ट्रिक गाड्या आल्या. फोक्सवॅगननं डिसेंबर 2024 मध्ये युनियनशी करार केला, 2030 पर्यंत जर्मनीत 35,000 वर नोकऱ्या कमी करायच्या, पण सक्तीनं कुणाला काढायचं नाही. ही पद्धत बघा, वाईट बातमी सहा वर्षं आधी टेबलावर ठेवायची आणि मग भांडत भांडत वाटून घ्यायची. आपल्याकडं गेटला कुलूप दिसतं तेव्हा कळतं. मला तिकडं असताना त्यांचं बोलणं जड वाटायचं, आता इथं आल्यावर ते हवं होतं असं वाटतं.

त्यामुळं दादा, तो काळजीत असणार हे धरून चाला. पण त्याला "सगळं ठीक होईल सर" म्हणू नका, तो गप्प होईल आणि तुमच्यावरचा विश्वास कमी होईल. कुठल्या आठवड्यात किती नग, असं विचारा. ते आठवड्याच्या नंबरनं बोलतात, केडब्ल्यू 38, केडब्ल्यू 39.

कुपवाडचा_प्लॅनिंगवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. हो, केडब्ल्यू त्याच्या शीटमध्ये असतंय, मी आजवर तो ड्रॉइंगचा नंबर समजत होतो. सिस्टर, बॅगेचं वाचून मी पण आईला फोन केला, आमचं घर सांगलीत नदीजवळच्या गावभागात आहे. गुरुवारी त्याला दोन गोष्टी विचारतो, पुढच्या वर्षी कमीत कमी किती नग नक्की आणि कितीबद्दल "इव्हेंटुएल", त्याच्याच शब्दात. मालकांना सांगितलंय की व्हीएमसीचं त्या कॉलनंतर ठरवू.