अचानक वाढलेला गोंधळ, आधी लघवी तपासून घ्या
डिमेन्शिया (विसरभोळेपणा वाढत जाण्याचा आजार) असलेल्या सासूबाई दोन दिवसांत एकदम बरळायला लागल्या, रात्रभर जाग्या, म्हणजे आजार वाढला का असं एकीने विचारलंय त्यावर सांगते. डिमेन्शिया सहसा असा दोन दिवसांत वाढत नाही हो, हा डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या त्रासाने अचानक आलेला गोंधळ, असू शकतो. माझ्या आईचं असंच झालेलं, ताप नाही लघवीला जळजळ नाही, आम्ही आठवडाभर तिच्या डिमेन्शियालाच दोष देत बसलो आणि निघालं युरिन इन्फेक्शन, अँटिबायोटिक सुरू केल्यावर चार-पाच दिवसांनी तिने मला नावाने हाक मारली, रडूच आलं मला. पाणी कमी पडणं, पोट साफ न होणं, रक्तातलं सोडियम उतरणं, सर्दीच्या नाहीतर झोपेच्या नव्या गोळ्या, यानेही होतं. मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणून देऊ नका प्लीज, आजच डॉक्टरांना दाखवा.