एमसीबी आणि अर्थिंग असताना आरसीसीबी कशाला?
"एमसीबी आहे, अर्थिंग आहे, मग आरसीसीबीचा खर्च कशाला" असं इथे कुणीतरी लिहिलंय, ते अजिबात पटत नाही. एमसीबी म्हणजे जास्त प्रवाह गेला की लाइन तोडणारा स्विच, आणि आरसीसीबी म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. १६ अँपिअरची एमसीबी तेवढ्याहून जास्त प्रवाह गेल्यावरच पडते (ट्रिप होते). माणसाचा जीव जायला १०० मिलिअँपिअरसुद्धा पुरतो. आरसीसीबी फेजच्या वायरने गेलेला आणि न्यूट्रलच्या वायरने परतलेला प्रवाह सतत ताडून बघते, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज दुसरीकडे कुठेतरी गळली, की लाइन तोडते. गीझर, वॉशिंग मशीन, ओट्याजवळचे प्लग, अंगणातली मोटर, या लाइनींवर तर ती हवीच.

"सारखी पडते म्हणून काढून टाकली" असंही कुणीतरी म्हटलंय, त्यावर आमचा अनुभव सांगतो. बडोद्यात दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर. गीझरच्या लाइनवर आरसीसीबी बसवली आणि मधल्या खोलीतला पंखा लावला की ती पडायची. गीझर बंद असतानासुद्धा! वायरमन म्हणाला, "काका, डायरेक्ट करून देतो," म्हणजे आरसीसीबी काढून थेट जोडणी. मी नाही म्हटलं. दुसऱ्याने बोर्ड उघडला, तर आत काळ्या टेपखाली दोन न्यूट्रल एकत्र पिळलेले, एक गीझरचा आणि एक इन्व्हर्टरवरच्या पंख्याचा. पंख्याचा प्रवाह फेजने वेगळ्या वाटेने येत होता आणि परतताना अर्धामुर्धा आरसीसीबीतून जात होता, म्हणून तिला फरक दिसायचा. न्यूट्रल सुटे केले, त्यानंतर ती उगाच पडलेली नाही. जुन्या वायरिंगमध्ये आधी हे तपासून घ्या. आणि आरसीसीबीवरचं 'टी' (टेस्ट) लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबूनही ती पडली नाही तर लगेच बदला.