गॅस गिझर, बोटावर ९९ टक्के, तरी रक्त का तपासलं?

प्रश्न: काल रात्री धाकटी बहीण बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली. दार बंद, गॅस गिझर चालू. कॅज्युअल्टीत बोटाला लावलेलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र ९९ दाखवत होतं. तरी डॉक्टरांनी रक्त घेतलं, तेही शिरेतून. ब्लड गॅससाठी (रक्तातल्या वायूंच्या तपासणीसाठी) धमनीतून घेतात ना?

उत्तर (आयसीयू नर्स, नाशिक): बोटावरच्या यंत्रावर जाऊ नका. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठू शकतो, आणि तो चिकटलेलं हिमोग्लोबिनही त्या यंत्राला ऑक्सिजनवालंच वाटतं. खरा आकडा को-ऑक्सिमीटरवर, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या यंत्रावर कळतो; हा वायू चिकटलेल्या हिमोग्लोबिनची टक्केवारी, कार्बॉक्सीहिमोग्लोबिन म्हणून. त्याला शिरेतलं रक्त चालतं, उगाच मनगटात टोचायला नको. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्याचं ३ टक्क्यांच्या वर गेलं की कान टवकारायचे. ओढणाऱ्यांचं १० पर्यंत असू शकतं.

प्रश्नकर्ता: तिचं ११ आलं. म्हणजे सौम्यच ना?

उत्तर (तीच): रक्त कधी घेतलं? मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला की तास-दीड तासात आकडा निम्मा होतो, साध्या हवेत चार-पाच तास लागतात. शुद्ध हरपली होती, हे आकड्यापेक्षा मोठं. ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) झालं का? घरात आणखी कुणाचं डोकं दुखतंय?

प्रश्नकर्ता: आईचं, रात्रीपासून. आम्हाला वाटलं जागरणाने.

उत्तर (तीच): अहो, त्यांना आत्ता घेऊन जा.