सहा पीसींच्या ऑफिसात सगळीकडे एकच ब्राउजर कशाला?

जळगाव_सिस्टिमवाला: काल इथं कुणी लिहिलं, 'छोट्या ऑफिसात ज्याला जो ब्राउजर आवडतो तो टाकू द्या, सगळीकडे सारखा बसवणं ही मोठ्या कंपन्यांची चैन.' वाचून डोकं फिरलं. माझ्या गिऱ्हाइकाच्या दालमिलमध्ये अकाउंटंट पोरगा क्रोममध्ये स्वतःच्या जीमेलने लॉगिन होता. जीएसटी, ई-वे बिल, सगळे पासवर्ड त्याच्या खात्यात. तो नोकरी सोडून सुरतला गेला, पासवर्ड त्याच्यासोबत. आठ दिवस मालक ओटीपी शोधत बसले. वर साधा इन्स्टॉलर ॲडमिन हक्क नसले की प्रत्येक युजरच्या फोल्डरात वेगळा क्रोम टाकतो. एमएसआय, म्हणजे ऑफिसांसाठीचा इन्स्टॉलर घ्या, मशीनवर सगळ्यांसाठी एकदाच बसतो. मग पॉलिसीने, म्हणजे युजरला बदलता न येणाऱ्या सेटिंगने, सिंक (सगळं गुगल खात्यात चढवणं) आणि पासवर्ड साठवणं बंद.

धरणगाव_जिनिंग: मीच लिहिलं होतं, अजूनही तेच म्हणतो. आमच्याकडे सर्व्हर नाही, सगळे पीसी एका जागेवरून सांभाळणारं डोमेन नाही. कापसाची आवक सुरू झाली की गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या असतात. तेव्हा पॉलिसी कोण बघणार?

जळगाव_सिस्टिमवाला: दादा, या दोन गोष्टींना डोमेन लागतच नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीतून, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या वहीतून होतात. त्या सेटिंग भरणारी एक रेग फाइल, अर्धा तास.

पाचोरा_ठेकेदार: आमचं टेंडरचं रडगाणं कोण ऐकणार? टेंडरवर डिजिटल सही करायला जावा प्लगइन लागायचं, ते २०१५ मध्ये क्रोमने बंद केलं, म्हणून सहीसाठी इंटरनेट एक्स्प्लोरर धरून बसलो. २०२२ च्या जूनमध्ये त्याचाही सपोर्ट संपला, पुढच्या फेब्रुवारीत तो उघडायचाच बंद झाला. वडिलांचं एक टेंडर तेव्हाच हुकलं.

शिरपूरची_ताई: मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउजरमध्ये आयई मोड आहे ना भाऊ, जुन्या साइट इंटरनेट एक्स्प्लोररसारख्या उघडायला. किमान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. पण साइट हाताने टाकली तर ३० दिवसांनी यादीतून जाते. पॉलिसीने यादी दिली तर राहते.

पाचोरा_ठेकेदार: काय सांगस ताई! आमचा इंजिनिअर दर महिन्याला येऊन तेच करतो आणि पाचशे रुपये नेतो. दोन वर्षं! हे सगळे सिस्टिमवाले एका माळेचे मणी.

जळगाव_सिस्टिमवाला: तोंड सांभाळून. त्याला कदाचित माहीतही नसेल. मी रात्री अकराला एमआयडीसीत जाऊन फुकट मशीन उभी केलीत.

शिरपूरची_ताई: माहीत नसेल तर पैसे कशाचे घेतले? इथं ठेकेदार भाऊंचंच बरोबर आहे.

धरणगाव_जिनिंग: माझं राहिलंच. भुईकाट्याचं सॉफ्टवेअर विंडोज ७ वरच चालतं, तिथं क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, म्हणजे नवे अपडेटच नाहीत. नवीन काटा कोण घेऊन देणार?

जळगाव_सिस्टिमवाला: ते मशीन सुधारणार नाही, हे कबूल. त्याचं इंटरनेट काढा. पावती काढायला ब्राउजर लागत नाही.

धरणगाव_जिनिंग: काढतो. रेग फाइल पाठवा, ऑफिसच्या चार पीसींना लावू. माझ्या पीसीला मात्र नाही.