४ वर्षांच्या लेकीला चंद्र-तारे कसे शिकवू?

चिंगीची आई: लेक चंद्रयान ३ चं लँडिंग रोज मोबाईलवर बघते आणि विचारते चांदोबा दिवसा कुठे झोपतो, काय सांगू? चार्ट आणला तर फाडला 😅

बालवाडीताई: चार्ट नकोच. लिंबू म्हणजे पृथ्वी, वाटाणा म्हणजे चंद्र, मग विचारा अंतर किती, पोरं शेजारीच ठेवतात (मोठेही!), खरं तर मधे ३० लिंबं मावतात, सव्वा मीटरभर. आमच्याकडे एकाने वाटाणाच खाल्ला, झालं ग्रहण.

गच्चीवाला बाबा: झोपत नाही हो तो! पौर्णिमेनंतर आठवड्याने सकाळी ८ ला गच्चीत न्या, पश्चिमेला अर्धा चंद्र दिसतो. सूर्याकडे मात्र बघू देऊ नका.

चिंगीची आई: लिंबू-वाटाणा केलं. आता उसळीतला एकेक वाटाणा चंद्र आहे म्हणून खातच नाहीये, ताई 🙏