फुकट आलेल्या प्रसाधनांविषयी

नोकरी सांभाळून सौंदर्यप्रसाधने आणि पेहराव यांवर लिहिणाऱ्यांनी कंपन्यांकडून फुकट येणाऱ्या वस्तू घ्याव्यात का, या प्रश्नाला माझे उत्तर 'घ्याव्यात' असेच आहे, परंतु वाचकाला ते पहिल्याच ओळीत सांगितले पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेनुसार केवळ पैसेच नव्हे, तर फुकट वस्तू, सवलत किंवा सहल मिळाली असली तरी तो संबंध ठळकपणे जाहीर करावा लागतो.

प्राप्तिकराची बाजूही लक्षात घ्यायला हवी. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार एका कंपनीकडून वर्षभरात २०,००० रुपयांहून अधिक मूल्याच्या वस्तू मिळाल्यास १० टक्के करकपात होते. वापरून परत केलेली वस्तू त्यात धरली जात नाही.

राहिला मुद्दा परीक्षणाचा. सनस्क्रीन दोन बोटे भरून लावल्यावर सावळ्या त्वचेवर पांढरट थर दिसतो का आणि मुंबईच्या दमट हवेत, लोकलच्या गर्दीत ती घामाबरोबर डोळ्यांत उतरते का, हे काही आठवडे अनुभवल्याशिवाय मत देऊ नये, असा माझा कळकळीचा आग्रह आहे, कारण वाचक आपल्या शब्दावर पैसे खर्च करतात.